नाव नसलेल्यांची दुपार

त्या उन्हाळ्यात दुपारची जेवणं आटोपून, ओटा पुसून मी आत आले की हे पलंगावरून म्हणायचे, "इंदिरा, दारात कोणी आलंय. बघ जरा."

मी जाऊन दार उघडायचे. तिसऱ्या मजल्याचा आमचा जिना, समोरच्यांच्या दाराला कुलूप, लिफ्टच्या जाळीतून वर येणारी गरम हवा. कोणी नसायचं.

"कोणी नाही."

"आहेत. खाली थांबा म्हणावं. अस्थी घरात आणत नाहीत, एवढं तरी कळायला हवं त्यांना."

एवढं बोलून ते मान भिंतीकडे वळवायचे. कूस बदलता यायची नाही, पाठीला पट्टा होता.

हे म्हणजे शामसुंदर, माझे पती. आमचं घराणं रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांचं. बाहेरगावाहून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात, त्यांचे विधी करायचे, हे काम सासऱ्यांनी केलं, त्यांच्या वडिलांनी केलं आणि जन्मभर ह्यांनी केलं. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. कुंडातल्या एका जागी अस्थी टाकल्या की त्या पाण्यात विरघळून जातात, अशी श्रद्धा आहे. हे त्याच जागी, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लोकांना सांगायचे, "सोडा आता. हात मोकळे करा." आता पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते आडवे पडून होते आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली बाई, दिवसभर त्यांच्याकडे बघत होते. संध्याकाळी तेवढी खाली सोसायटीच्या हॉलमध्ये जायचे. इमारतीतली मुलं तिथे माझ्याकडे अभ्यासाला येतात. मुलगा देवव्रत बंगळूरला, तो रोज फोन करायचा.

हे घसरून पडले असंही नाही. फाल्गुनात एका सकाळी न्हाणीघरात बादली उचलली, तीही अर्धीच भरलेली, आणि खाली बसले. ओरडले नाहीत. मी धावत गेले तर म्हणाले, "काहीतरी कटकन झालं. बादलीचा कान तुटला का बघ."

बादली धड होती.

डॉक्टर अपूर्वा माझी विद्यार्थिनी. तिसरीत असताना तिला सात आणि आठ यांचे पाढे म्हणताना हुंदके यायचे. आता कॉलेज रोडला तिचा दवाखाना आहे आणि मधुमेहाची माणसं तिच्याकडे नगर-धुळ्याहून येतात. तिने एक्स-रे दिव्यावर लावला, मणका दाखवला. पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झाला होता.

"गंमत बघा बाई," ती म्हणाली. "काकांच्या हाडाची घनता मोजली, ती जवळजवळ ठीक आली. तरी मणका दबला."

"मग मशीन चुकलं?"

"मशीन वजन मोजतं. हाड म्हणजे नुसता चुना नसतो, आत प्रोटीनची वीण असते. काकांना मधुमेह वीस-बावीस वर्षांचा. रक्तात इतकी वर्षं साखर जास्त राहिली की ती त्या विणीला चिकटते, वीण कडक होते, लवत नाही. जुनं हाड काढून नवं भरायचं कामही मंदावतं. बाहेरून भिंत उभी दिसते."

"आणि गवंडी झोपलेला असतो."

"तुम्ही अजून तशाच आहात, बाई." ती हसली. मग ह्यांच्याकडे वळून हसू आवरलं. "काका, गवंड्याला उठवायचं औषध आहे. रोज एक इंजेक्शन, इन्सुलिनसारखंच पेनने."

तिने समजावलं ते मी दुसऱ्याच दिवशी मुलांना समजावलं, कारण समजलेली गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय मला नीट समजत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या एक हॉर्मोन सोडतात. ते हॉर्मोन म्हणजे चौऱ्याऐंशी मण्यांची एक माळ, आणि औषधात त्या माळेचे पहिले चौतीस मणी तेवढे घेतलेले असतात. अशा छोट्या माळेला पेप्टाइड म्हणतात. मी दोऱ्यात मणी ओवून दाखवले. पण मुलांना आवडलं ते पुढचं. हेच हॉर्मोन शरीरात सारखं वाढलेलं राहिलं, तर ते हाडं पोखरतं. दिवसातून एकदा थोडंसं आलं आणि निघून गेलं, तर हाडं बांधतं.

"म्हणजे पाहुण्यासारखं," तेजस्विनी म्हणाली. ती पाचवीतली, तिला सगळ्याचं उत्तर येतं. "आमच्याकडे मामा आला की मज्जा येते. राहिला की आई चिडते."

हे मात्र दवाखान्यात हसले नव्हते. त्यांनी एकच विचारलं होतं. "कशापासून करतात?"

"प्रयोगशाळेत जिवाणूंकडून करून घेतात, काका. कुठल्या प्राण्याचं हाड वगैरे नाही त्यात."

"पण हाडाचं औषध."

"हाडासाठीचं."

"तेच ते."

निघताना अपूर्वाने मला बाजूला घेतलं. "बाई, स्पष्ट सांगते. एक मणका गेला म्हणजे दुसरा जायला एक जोराची शिंक पुरेल. खुबा मोडला तर ह्या वयात, ह्या साखरेला, काका परत उठतील याची खात्री मी देणार नाही. इंजेक्शन चुकवू नका. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही आणि बाहेर तर अजिबात नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासू, हाड बांधायचं काम सुरू झालं की नाही ते त्यात दिसतं."

सकाळचं इन्सुलिन मी इतकी वर्षं देत होते, त्यामुळे सुई नवी नव्हती. रोज सकाळी पोटाच्या बाजूला चिमटा धरून मी हे दुसरं पेन टोचायचे. पहिले काही दिवस त्यांना गरगरलं, मग तेही थांबलं. फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी केलेला झाकणाचा कप्पा आमच्याकडे रिकामाच असतो, त्यात पेन राहायचं. सकाळी आमच्या कुसाबाई यायच्या, केर-फरशी, धुणं-भांडी करून अकराच्या सुमाराला जायच्या. त्या मूळ देवळा गावच्या. नवरा गेल्यावर मुलाबरोबर इकडे आल्या. ह्यांच्यावर त्यांचा फार जीव. त्यांच्या नवऱ्याच्या अस्थी ह्यांनीच सोडल्या होत्या आणि दक्षिणा घेतली नव्हती.

इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीपासूनच दारातली माणसं येऊ लागली होती. मला आधी वाटलं, साखर कमी होत असेल. साखर उतरली की माणूस बरळतं, हे मला माहीत होतं. म्हणून एका दुपारी त्यांनी "आले बघ" म्हणताच मी यंत्र काढून त्यांच्या बोटातलं थेंबभर रक्त तपासलं. साखर अगदी हवी तेवढी होती. दुसऱ्या दिवशी तसंच. अपूर्वाने दुखण्याची गोळी बदलून दिली. माणसं येतच राहिली.

"किती जण आहेत?" मी एकदा विचारलं.

"मोजता येत नाहीत. जिन्यावर खालपर्यंत उभे आहेत."

"काय म्हणतात?"

"बोलत नाहीत. मडकी हलवतात."

असं माणूस म्हणालं तर ऐकणाऱ्याने काय करायचं? मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. चांदवडला कांद्याला काय भाव, धरणात किती पाणी. ते ऐकत असायचे, पण डोळे दाराकडे.

वैशाखात ऊन चढलं आणि मलाही आवाज येऊ लागला.

दुपारी वारा सुटला की घरात कुठेतरी खडखड व्हायची. मोठी नाही. कोरड्या मडक्यात काहीतरी हलकं, लांबट हलावं तशी. तो आवाज मला ओळखीचा होता. लग्न होऊन आले तेव्हा जुन्या घराच्या ओसरीबाहेर, पिंपळाच्या फांदीला लोकांची मडकी टांगलेली असायची, सकाळच्या विधीची वाट बघत. अस्थी उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आता फ्लॅटमधली माणसं खिडकीच्या ग्रिलला बाहेरून बांधतात, नाहीतर स्कूटरच्या डिकीत ठेवतात. वाऱ्यावर ती मडकी अशीच वाजायची. सासूबाई म्हणायच्या, बोलू दे त्यांना, आजचा शेवटचा दिवस आहे.

मी ह्यांना काही सांगितलं नाही. कुसाबाईंना विचारलं, "तुम्हाला कसला आवाज येतो का हो दुपारी?"

त्या फरशी पुसत होत्या. मान वर केली नाही. "मी दुपारी कुठं असते बाई हितं."

तीन महिने झाले. रक्त तपासायला दिलं, रिपोर्ट घेऊन मी एकटीच दवाखान्यात गेले. अपूर्वाने आकडा पाहिला, जुना आकडा पाहिला, पुन्हा नवा पाहिला.

"बाई, रागावू नका. इंजेक्शन रोज देताय ना?"

"तुला पाढे रोज म्हणायला लावले, ते विसरले का कधी?"

"नाही विसरलात. मला अजून स्वप्नात येतात." पण ती हसली नव्हती. "काहीच हललेलं नाही. असं सहसा होत नाही. पेन फ्रिजमध्येच असतं ना? ही पेप्टाइडची माळ फार नाजूक असते. उष्णता लागली की बिघडते. दिसायला पाण्यासारखं पाणीच, पण आत काही उरत नाही."

"फ्रिजमध्येच असतं. रोज माझ्या हाताने काढते."

मी रिक्षाने परत आले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना मी नकळत अंग चोरून घेतलं, दारात गर्दी असावी तसं.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई पुतणीच्या लग्नाला देवळ्याला गेल्या होत्या. सकाळी मी फ्रिज उघडला, तर कप्प्यात पेन नव्हतं.

इन्सुलिनचं होतं, ह्याच्या शेजारचं. मी भाज्यांचे ट्रे काढले, ओटा पाहिला, ह्यांच्या उशाखाली पाहिलं. ते डोळे मिटून पडले होते आणि झोपलेले नव्हते. "पेन कुठे आहे?" मी विचारलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. स्वयंपाकघरात येऊन मी उभी राहिले. बाहेर सकाळपासूनच गरम वारा सुटला होता, आणि खडखड झाली.

जवळ. अगदी जवळ. मी भांडी घासायच्या बाल्कनीचं दार उघडलं. ती जागा कुसाबाईंची, मी तिकडे फारशी जात नाही. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला सुती दोरीने एक मडकं टांगलेलं होतं, तोंडाला पांढरं फडकं. वाऱ्याने ते ग्रिलवर आपटत होतं आणि आत काहीतरी हलत होतं. मी गजांतून हात घालून ते आत ओढलं. फडकं सोडताना मी हातांकडे बघत राहिले. शाळेत शिकवताना मी मुलांना सांगायचे की भीती वाटली तर आधी हात बघा, हात आपलेच असतात.

आत पेन होतं. सकाळच्या उन्हात तापून कुकरच्या झाकणासारखं गरम.

मी ते मडकं तसंच आतल्या खोलीत नेलं. ह्यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा उठून बसायचा प्रयत्न केला. "आत आणू नकोस ते."

"कोणी टांगलं?"

"कुसाबाईंवर रागावू नकोस. मी सांगितलं त्यांना. सकाळी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचं, जाताना बाहेर टांगायचं."

"का?"

"हाडाचं घरात ठेवत नाहीत."

"इतक्या वर्षांचं इन्सुलिन चाललं ते?"

"ते साखरेचं आहे."

मी मडकं जमिनीवर ठेवलं, पलंगाच्या कडेला बसले. वर्गात एखादं मूल खोटं बोलत नसतं पण सगळं सांगतही नसतं, तेव्हा मी नुसती बसून राहायचे. तशी बसले. पंखा फिरत होता. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा माणसांना आपल्या माणसाला शेवटचं बघताही येत नव्हतं, तेव्हा हे गंगेवर जात होते. मी किती भांडले होते. स्मशानातून स्वयंसेवक अस्थींच्या पिशव्या आणून देत. काहींवर नावाची पट्टी होती. काहींवरची पुसून गेलेली होती, काहींवर नव्हतीच. नातेवाईक आले नाहीत, येऊ शकले नाहीत, किंवा तेही गेले होते.

"गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतात," हे म्हणाले. "त्याची सोय आहे. पण नावाचं काय करणार? नाव तर घ्यावंच लागतं. मी नाना म्हणायला लागलो."

नाना म्हणजे माझे सासरे, त्र्यंबकराव.

"प्रत्येकाला?"

"पुरुषांना नानांचं, बायकांना आईचं. किती जणांना, ते मला आठवत नाही. पाण्यात उभा राहून मी त्यांना सांगितलं की तुम्ही आमच्या घरचे. मग ते दुसरीकडे कुठे जाणार? आपल्याच घरी आलेत ते, इंदिरा. आणि मी त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलंय."

"आणि हे औषध?"

"आधी नुसतं बाहेर ठेवायचं म्हणून ठेवलं. मग वाटलं, बरंच झालं. त्यांच्याजवळ काहीच राहिलेलं नाही. माझ्याकडे अजून थोडी हाडं आहेत. घेऊ देत त्यांना."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मडकं फोडून टाकलं, पेन सुईच्या डब्यात टाकलं. अपूर्वाला फोन करून खरं ते सांगितलं. तिने मडक्याचं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाई, औषध हरलेलं नाही. त्यांना ते मिळालंच नाही. नवं पेन आणा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट पाहिली. मडकं नव्हतं, बाल्कनीत दोरीचा तुकडाही नव्हता. वारा पडलेला होता.

खडखड झाली. दारापाशी.

नवं पेन आलं, पण ह्यांनी पोट झाकून घेतलं. "फ्रिजमध्ये ठेवायचं तर ठेव. मी घेणार नाही. बाहेर एवढी माणसं उपाशी उभी आणि मी आत बसून हाडं भरून घेऊ?" तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. माझ्या कानात अपूर्वाचं शिंकेचं वाक्य होतं. दुसरा मणका तेव्हा गेला नाही, पण जायला फार वेळ नाही हे आम्हा दोघांनाही कळलं. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. तेवढ्याने मला दारातल्या माणसांपेक्षा जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी मुलांसमोर बसले, पण धडा पुढे जाईना. माझ्या समोर मुलं होती, आणि त्यांच्या मागे जिना मला दिसत होता. शाळेत जूनच्या पहिल्या दिवशी वर्गाबाहेर अशीच रांग लागायची. नाव पुकारलं की एकेक आत यायचं, आपल्या जागी जाऊन बसायचं, आणि मग दिवसभर त्याला कोणी शोधत नसे. ज्याचं नाव पुकारायचं राहून जायचं, ते मूल दाराशीच उभं राहायचं. सांगितलं तरी हलत नसे.

"मुलांनो," मी म्हणाले, "आज गंमत करू. प्रत्येकाने घरून एक जुनं नाव आणायचं. आता कोणी ठेवत नाही असं. घरच्यांना विचारा."

"माझ्या आजीचं नाव संगीता आहे," रुद्र म्हणाला.

"ते जुनं नाही. त्याच्याही मागचं."

दुसऱ्या दिवशी नावांचा पाऊस पडला. तेजस्विनीने पणजीचं नाव आणलं, चतुराबाई. "पण ती चतुर नव्हती असं बाबा म्हणतात. ती फसायची." रुद्रने पुंजा आणलं. "हे पणजोबांचं. मालेगावला त्यांचे हातमाग होते. आई म्हणते हे नाव कोणाला सांगू नको, हसतील." कोणी मैना आणलं, कोणी भागीबाई. गौरांग म्हणाला, आमच्याकडे सगळे नवीनच आहेत, मी शेजाऱ्यांचं आणलं तर चालेल का? मी म्हटलं चालेल.

वर येऊन मी ह्यांना म्हणाले, "त्यांना हाडं नकोत. पिशवीवरची पट्टी पुसली गेली, ती हवी आहे. तुम्ही सगळ्यांना एकच नाव दिलंत, म्हणून सगळे एकाच दाराशी आलेत."

त्यांनी उशीवरून मान उचलली.

"मी नावं आणते. रोज एक. त्या नावाने तुम्ही पाणी द्यायचं आणि त्याला जायला सांगायचं. एक माणूस आला, गेला. कोणी राहायचं नाही. पण आधी इंजेक्शन, मग नाव."

"ही नावं दुसऱ्यांची आहेत."

"माझ्या एका वर्गात तीन सुनीता होत्या. तिघी आपापल्या नावाने मोठ्या झाल्या. नाव दिल्याने संपत नाही."

"शास्त्रात हे असं कुठे नाही, इंदिरा."

"नानांचं नाव वाटणं तरी कुठे होतं?"

ते कित्येक दिवसांनी हसले, आणि हसताना पाठ दुखली म्हणून थांबले.

अपूर्वाला विचारलं, इंजेक्शनची वेळ दुपारची केली तर चालेल का. रोज तीच वेळ ठेवा, मग कुठलीही चालेल, ती म्हणाली. का ते तिने विचारलं नाही. ताम्हन, पळी, पंचपात्र आणि वाटीत तीळ घेऊन मी पलंगाशी बसायचे. पेन फ्रिजमधून काढायचे, थंडगार. टोचायचे. मग म्हणायचे, "पुंजा." हे पट्टा बांधून टेकून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ओंजळीतून पाणी सोडलं. "काश्यपगोत्र, पुंजा," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून नेहमीच्या गंगेवरच्या आवाजात, "या आता. हात मोकळे करा."

जिन्यात काही झालं नाही. मला वाटलं, लिफ्टची जाळी सरकली. आमची लिफ्ट अशीही मधूनच सरकते.

कुसाबाई लग्नाहून परतल्या त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी काही बोलायच्या आधी रडू लागल्या. "गुरुजींनी सांगितलं म्हनून केलं बाई. मला वाटलं, धर्माचं काय हे. रोज मडकं बांधताना लय जीव घाबरायचा. पर कोनीतरी आतून वढून घेतंय असं वाटायचं." मी त्यांना आत बसवून चहा दिला. त्या दिवसापासून दुपारी त्या थांबू लागल्या. तीळ त्या निवडून ठेवतात. एकदा त्यांनीच नाव दिलं, निवृत्ती. त्यांच्या नवऱ्याचं.

आषाढ गेला, श्रावण गेला. मुलं अजून नावं आणत होती. गौरांगने तर शेजारची सगळी इमारत पालथी घातली. हे आधी पलंगावरून खुर्चीत आले, मग खुर्चीतून वॉकरवर, मग वॉकर सोडून भिंतीला धरून. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा अपूर्वाने आकडा माझ्यासमोर सरकवला. दुप्पट-अडीचपट वाढला होता. "गवंडी उठला, बाई." मग जरा थांबून म्हणाली, "फक्त लक्षात ठेवा, हे औषध दोन वर्षांच्या वर देत नाहीत. पुढे दुसरं काहीतरी देऊन बांधलेलं टिकवायचं."

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. "दोन वर्षं," ते म्हणाले. "तोवर होतील का सगळे?" किती आहेत हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, औषध बदलेल, नावं थांबवायचं कारण नाही.

भाद्रपदातला एक रविवार होता, पितृपक्षाचा. गंगेवरून येणाऱ्या माणसांची रहदारी रस्त्यावर सकाळपासून होती. जेवणं झाली. खडखड झाली, नेहमीसारखी, पण मला वाटलं की पूर्वीपेक्षा जास्त माणसं आहेत. मी इंजेक्शन तयार करायला गेले आणि परत आले तर पलंग रिकामा होता.

हे दारात उभे होते. एक हात चौकटीवर, पाठ सरळ. दार त्यांनी सताड उघडलं होतं. जिना रिकामा होता. त्यांची नजर मात्र एकेका पायरीवरून खाली उतरत होती आणि प्रत्येक पायरीवर थोडी थांबत होती.

"आजचं नाव?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

शनिवार-रविवार मुलं येत नाहीत. शिल्लक राहिलेलं शेवटचं नाव आदल्या दिवशीच दिलं होतं. मी काहीच आणलं नव्हतं.

"नाही ना?" ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "हा पुढे उभा आहे तो फार दिवसांचा थांबलाय. त्याला आज परत पाठवता येणार नाही. माझं दे त्याला. शामसुंदर. चांगलं नाव आहे. मी वापरलंय नीट."

एक पाऊल त्यांनी उंबऱ्यावर ठेवलेलं होतं. मी पेन हातात तसंच धरून पुढे गेले आणि त्यांचा दंड धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो मला भरलेला लागला.

"ते नाही देता यायचं," मी म्हणाले. "ते मला रोज लागतं."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा जिन्याकडे.

"मग काय सांगू त्याला?"

"विचारा. कोणी त्याला आजवर विचारलंच नसेल."

ते वाकले नाहीत, वाकायची त्यांना मनाई होती. नुसती मान जराशी तिरकी केली, लहान मुलाचं ऐकायला आपण करतो तशी, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला काही ऐकू आलं नाही. मी त्यांचा दंड सोडला नाही.

मग त्यांनी मान हलवली, दार तसंच उघडं ठेवून पाऊल आत घेतलं, हळूहळू चालत पलंगाशी आले आणि बसून सदरा वर केला.

"टोच," ते म्हणाले. "मग सांगतो. सोपं नाव आहे. विचारायला मी उगीच घाबरत होतो."